उजवा डाव्यावर

घराला भिंती होत्या, दारं होती, खिडक्यांना गजसुद्धा बसले होते. नव्हतं ते फक्त छप्पर. आणि गंमत म्हणजे घर होतं छप्परवाल्याचंच. सत्तावीस वर्षं लोकांच्या डोक्यावर पत्रे चढवणारा हा माणूस स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला, आणि शेवटी स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा नेमका छपराशी येऊन त्याचा श्वास अडकला. अडकला म्हणजे खरोखरच अडकला. पहिल्या दिवशी बाबा शिडीच्या चौथ्या पायरीवर थांबले, पाचवीवर बसले आणि मग हळूहळू खाली उतरले, जणू काही हातोडी विसरली म्हणून परत आलेत. हातोडी त्यांच्या कमरेलाच होती.

खारीने ते पाहिलं. खार म्हणजे त्यांची मुलगी. तिचं चांगलं नाव शाळेच्या हजेरीत होतं, घरात मात्र ती खारच, कारण नीट चालायला लागायच्या आधी ती कपाटावर चढून बसली होती असं आई कपडे शिवायला टाकायला येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची. आता ती पंधरा वर्षांची होती. त्या वर्षी तिने वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढला होता, सायकलची चेन स्वतः बसवायला शिकली होती, आणि एकूणच जगात आपल्याला जमणार नाही असं फारसं काही उरलेलं नाही, अशी तिची पक्की समजूत झाली होती.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला. वर्षानुवर्षं सिमेंटचे पत्रे कापताना उडालेली धूळ आत जाऊन बसली होती आणि बाबांची फुप्फुसं घट्ट झाली होती. ते आता सैल होणार नव्हतं. आईने विचारलं किती दिवस, तर डॉक्टर म्हणाले, महिने म्हणा. मग जरा थांबून म्हणाले, थोडे महिने म्हणा.

घरी परत येताना बाबा रिक्षातून लोकांची छपरं बघत होते. अर्ध्या वाटेत एकदम म्हणाले, "मला फार काही नकोय. माझ्या छपराखाली झोपायचंय. एवढं झालं की मग बघू."

मग छपरासाठी माणूस शोधायचं ठरलं. ठरलं म्हणजे गवंडीकाकांनी ठरवलं. त्यांनी भिंती उभ्या केल्या होत्या आणि बाबांशी त्यांची वीस वर्षांची भांडाभांडीची दोस्ती होती. त्यांनी तिघांची नावं सुचवली. पहिल्याबद्दल बाबा म्हणाले, तो स्क्रू असा पिळतो की खालचं रबर रडायला लागतं. दुसऱ्याबद्दल म्हणाले, त्याच्या छपराखाली पावसाळ्यात लोक छत्री घेऊन जेवतात. तिसरा त्यांचाच शिकाऊ होता, आता चांगला मिस्त्री झालेला. त्याच्याबद्दल ते एवढंच म्हणाले की तो चांगला आहे, पण माझ्या घरावर नको.

गवंडीकाका वैतागले. म्हणाले, मग काय भूत येऊन चढवणार आहे का पत्रे?

"मी चढते," खार म्हणाली.

सगळे हसले. आई हसली नाही. आई कपडे शिवायची, दिवसभर मशीनवर वाकलेली, आणि तिला हसायला नेहमीच थोडा उशीर लागायचा. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाली, "ती वर चढणार असेल तर खाली मी. परक्या माणसाच्या हातात माझी मुलगी देणार नाही."

झालं. ठरलं.

घराला दोन उतार होते, एक अंगणाकडे आणि एक मागच्या बाजूला. एका टोकाला टेकडी, दुसऱ्या टोकाला रस्ता. मागच्या उतारापासून सुरुवात झाली. बाबा मागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, मांडीवर उशी आणि उशीवर हात, एखाद्या रुसलेल्या राजासारखे. खारीच्या कमरेला त्यांनी स्वतः दोर बांधला, दोनदा ओढून पाहिला, तिसऱ्यांदा ओढला तेव्हा ती म्हणाली की बाबा, मी बादली नाहीये.

पत्रे पन्हळी होते, बारा बारा फुटांचे, आढ्यापासून वळचणीपर्यंत एकच लांब. आईने खालून टोक उचलायचं, खारीने वरून दोराने ओढायचं, मग पत्रा आडव्या लोखंडी पाइपांवर टेकवून सरकवत जागेवर आणायचा. स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर, खोलगटात कधीच नाही, कारण पाणी वाहतं खोलगटातून. आणि एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढलीच पाहिजे.

"डावीकडून सुरू करायचं," बाबा म्हणाले. एका दमात त्यांना दोनच वाक्यं जमत, म्हणून ते वाक्यं निवडून बोलायला लागले होते. "उजवा डाव्यावर."

आई खालून म्हणाली, हे तर आमच्यासारखंच झालं की. बायकांच्या कपड्याला बटणांची उजवी पट्टी डावीवर येते. पुरुषांच्या शर्टाला उलट.

"म्हणजे आपलं घर बाई आहे," खार वरून म्हणाली.

बाबा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि आई पत्रा टाकून त्यांच्याकडे धावली. पत्रा जमिनीवर आपटून असा दणाणला की रस्त्यावरचा एक कुत्रा आधी पळाला आणि मग लांबून भुंकत राहिला.

पण ती ओळ दोघींच्या डोक्यात पक्की बसली. उजवा डाव्यावर. आई पत्रा वर देताना म्हणायची, खार स्क्रू मारताना म्हणायची. मागचा उतार पाच दिवसांत झाला. शाळा दुपारी सुटायची, तरी दोन दिवस खारीने पोटदुखीची चिठ्ठी दिली. वर्गशिक्षिकांनी तिचे दोन्ही तळहात उलटे करून पाहिले आणि विचारलं की ही कसली पोटदुखी, जिने हाताला फोड येतात? खार म्हणाली, बाई, फार वेगळी पोटदुखी आहे. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना बहुधा कुठून तरी कळलं असावं.

मागचा उतार पूर्ण झाला त्या संध्याकाळी बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं.

पुढचा उतार दोघींनीच केला. सकाळी आई डबा घेऊन दवाखान्यात जायची, दुपारी खार शाळेतून यायची, तीन वाजता दोघी घरावर. अंगणात उभं राहून त्यांनी पहिला पत्रा डाव्या टोकाला लावला, आणि मग उजवा डाव्यावर, उजवा डाव्यावर करत सहा दिवसांत अकराच्या अकरा पत्रे बसवले. खारीचा हात इतका सरावला होता की शेवटच्या दिवशी ती ड्रिल चालवता चालवता इतिहासाचे सनसुद्धा पाठ करत होती. दवाखान्यात बाबांनी ऑक्सिजनच्या नळीतून श्वास घेत विचारलं, पुढची बाजू कशी चाललीय? ती छाती फुगवून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत अगदी तसंच." बाबांनी तिच्या हातावरचे फोड मोजले. सात होते. ते म्हणाले, त्यांच्या पहिल्या छपराला नऊ आले होते, तेव्हा ती हुशार आहे.

मग उरली माथ्यावरची टोपी. दोन्ही उतार जिथे मिळतात तिथे बसवायच्या वाकवलेल्या पत्र्याला बाबा टोपी म्हणत. तो रविवार होता. टोपीचा शेवटचा स्क्रू मारून झाल्यावर खार आढ्यावर घोड्यावर बसल्यासारखी बसली, एक पाय पुढच्या उतारावर, एक मागच्या. दोन्हीकडचे पत्रे उन्हात चमकत होते. हे आपण केलं, असं ती मनात म्हणाली आणि मग मोठ्यानेही म्हणाली, कारण आई डबा घेऊन दवाखान्यात गेली होती आणि ऐकायला कोणीच नव्हतं.

टेकडीकडून वाऱ्याची एक झुळूक आली. सोबत वाळका पाला. मागच्या उतारावरची पानं सरसर घसरत रस्त्याकडे गेली, कुठेच अडली नाहीत. पुढच्या उतारावरची पानं मात्र जागोजागी थांबली. ती वाकून बघायला लागली. प्रत्येक पत्र्याच्या कडेला एकेक पान अडकलेलं, देठ आत गेलेला, वारा आला की फडफडणारं. पत्र्याची उघडी कड टेकडीकडे होती. वाऱ्याच्या तोंडासमोर.

तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. अंगणात घराकडे तोंड करून उभं राहिलं की टेकडी डाव्या हाताला असते. मागच्या अंगणात उभं राहिलं की उजव्या हाताला. इतकी साधी गोष्ट. कपड्याचं उजवं-डावं अंगाचं असतं, कुठूनही बघा, ते बदलत नाही. छपराला अंग नसतं. त्याला फक्त वारा असतो. बाबांनी सांगितलं होतं ते मागच्या उताराचं होतं. पुढे सगळं उलट करायला हवं होतं, रस्त्याकडून सुरू करायला हवं होतं. दोघी शिवणकामासारख्या एकाच बाजूने पट्टी लावत गेल्या होत्या.

ती खाली उतरली आणि आई येताच तिला सांगितलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. अंगणात गेली, डावा हात वर केला, मग मागे जाऊन उजवा वर केला. परत आली. किती वेळ लागेल काढून परत बसवायला, तिने विचारलं. खार म्हणाली, शाळा बुडवली तरी चार-पाच दिवस. आईने नुकतीच दवाखान्यातून आणलेली पिशवी अजून हातातच धरली होती. डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं होतं की घरी न्या. आता महिने नव्हते.

"बोलायचं नाही," आई म्हणाली. "परवा आणायचंय त्यांना. छपराखाली झोपायचंय म्हणाले होते ना? झोपू दे."

"पण आई, वारा सुटला की..."

"वाऱ्याचे दिवस अजून लांब आहेत." आणि मग ती हळू म्हणाली, "तोपर्यंत आपण दोघीच असू."

खारीने मान हलवली. तिलाही तेच हवं होतं, अगदी तेच. आईने आधी म्हटलं याचं तिला आत कुठेतरी बरं वाटलं.

बाबांची खाट पुढच्या खोलीत टाकली, टेकडीकडच्या खिडकीपाशी. शेजारी आईचं शिलाई मशीन. पहिल्या दिवशी दाराशी बाबा थांबले, गवंडीकाकांच्या खांद्यावर भार टाकून वर पाहत राहिले. एकेका पाइपवरून, एकेका स्क्रूवरून त्यांची नजर फिरली. खारीला वाटलं, आता कळणार. पण आतून दोन्ही उतार सारखेच दिसतात. कोणती कड कोणावर हे वरूनच कळतं, नाहीतर अगदी जवळून. बाबा म्हणाले, स्क्रूची रांग सरळ आहे. गवंडीकाका म्हणाले, तुझ्या रांगेपेक्षा सरळ आहे. बाबा म्हणाले, माझ्या रांगेला नावं ठेवायची तर आधी तुझ्या भिंतीला ओळंबा लाव. दोघं समाधानाने भांडले. मग बाबा आडवे झाले आणि भर दुपारी झोपून गेले, तोंड किंचित उघडं, नळी नाकात. आई दारात उभी राहून बघत होती. तिच्या तोंडात टाचणी होती, तीही काढायची राहिली.

चार दिवस असे गेले. ते चांगले दिवस होते. बाबा थोडं खायचे, जास्त झोपायचे. ऊन तापलं की पत्रे ताणतात आणि टक्‌ टक्‌ करतात, तर ते बोट वर करून सांगायचे, ऐक, बसतंय घर. खार शाळेतून धावत यायची आणि दप्तर टाकायच्या आधी त्यांच्या खाटेवर टेकायची. वर बघायची नाही.

पाचव्या दिवशी दुपारी वारा सुटला. अवेळी, टेकडीवरून, धूळ घेऊन. खार नुकतीच घरात शिरली होती. आधी एक बारीक कुरकुर आली. मग खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकामागून एक, सगळ्या कडा तडतड तडतड वाजायला लागल्या, हुडहुडी भरल्यावर दात वाजतात तशा.

आईने मशीन सुरू केलं. समोर कापडाचा कुठलासा तुकडा होता, त्यावर ती भरधाव टीप मारत सुटली, टोकापर्यंत गेली की वळवून परत, परत. पायाने मशीन असं पळवलं की खिडकीतला पेला हलायला लागला. तिने वर मान केली नाही.

बाबांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "मशीन थांबव जरा."

आईने थांबवलं. तडतड मोठी झाली.

"पुढचं कुठून सुरू केलंत?"

बाबांनी खारीकडे पाहिलं. ते रागावलेले नव्हते, आणि म्हणूनच तिला खोटं बोलता आलं नाही. तिने सांगितलं. डावीकडून. उजवा डाव्यावर. कळलं तेव्हा टोपीसुद्धा बसून झाली होती. मग तिने हेही सांगितलं की मी दवाखान्यात तुम्हाला म्हटलं होतं, अगदी तसंच.

बाबा वर बघत होते. "चूक माझी," ते म्हणाले. "मी एकच बाजू सांगितली. मिस्त्रीला अर्धं सांगून चालतं. त्याला उरलेलं ठाऊक असतं." त्यांना दम लागला. थांबले. "उद्या उघडा."

आई उठली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज त्या घरात किंवा त्याआधीच्या घरात कोणी असा ऐकला नव्हता. ती म्हणाली की काही उघडायचं नाही. याच्याखाली झोपायला तुम्ही आलात, त्यासाठी माझ्या पोरीने हाताची सालपटं काढली, आता चार दिवस सुखाने झोपा. वाजतंय तर वाजू दे. बदलायचं ते नंतर बदलू.

नंतर हा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि खोलीत तसाच राहिला.

"नंतर तपासायला मी नसणार," बाबा म्हणाले. "असा पत्रा पहिल्या वादळात निघतो. मी काढलेत लोकांच्या अंगावरचे. याच्याखाली तुम्ही दोघी झोपणार आहात. मी नाही."

आई मशीनजवळ बसली. तिने तो शिवलेला तुकडा हातात घेतला आणि उसवायला लागली. मान खाली घालून ती खारीला म्हणाली, "तू वर चढलीस तर मी शिडी धरणार नाही. सांगून ठेवते."

रात्री खारीला झोप लागली नसती, पण लागली. ती पंधरा वर्षांची होती. सकाळी तिने शाळेचे कपडे घातले, आरशात पाहिलं, काढून ठेवले आणि जुनी पँट चढवली. कोणाचं ऐकायचं हे तिला ठरवता आलं नव्हतं. पण बाबा जागे होते, तिची वाट बघत होते, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर कामाला निघालेल्या माणसाची घाई होती. तिने दोर घेतला. शिडी लावली. तिसऱ्या पायरीवर गेली तेव्हा शिडी एकदम घट्ट झाली. खाली आई होती, दोन्ही हातांनी धरून, तोंड दुसरीकडे.

दोन दिवस काढण्यात गेले. टोपी निघाली, मग एकेक पत्रा. घर परत उघडं पडलं. बाबांची खाट मागच्या खोलीत हलवू म्हटलं तर ते ऐकेनात. म्हणाले, तिथून दिसत नाही. तेव्हा गवंडीकाकांनी खाटेवर दिवसा जुनी चादर ताणून दिली, तोंडावर ऊन येऊ नये म्हणून, आणि बाबा ती सारखी बाजूला सारत. संध्याकाळी खार पाइपवर पाय सोडून बसायची आणि खाली बघायची, तर ते वर बघत असायचे. तिचे तळवे किती काळे झालेत हे ते तिला खालून सांगायचे.

तिसऱ्या दिवशी रस्त्याकडून बसवायला सुरुवात झाली. आता डावा उजव्यावर. खार वरून पत्रा सरकवत आणायची, आणि बाबा आतून कड बघायचे. खाटेवरून, नेम धरल्यासारखा एक डोळा मिटून.

"सरकव," ते म्हणायचे. "अजून. अजून थोडा." आणि मग, "बस."

त्या ‘बस’वर ती स्क्रू मारायची. एक बस, मग दुसरी. त्यांचा आवाज बारीक होत गेला होता, पण पत्र्याखालून तो तिला नेमका ऐकू यायचा. बाहेर उभ्या असलेल्या आईला नाही यायचा. आई तीन दिवस बोलली नव्हती, फक्त पत्रे घेत-देत होती. पण चौथ्या दिवशी सकाळी ती पत्रा उचलता उचलता म्हणाली, कोणता आता, डावा ना वर? आणि खार म्हणाली, हो, आता घर पुरुष झालं. आईच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

दुपारपर्यंत आठ झाले. खोलीत अंधार रस्त्याकडून टेकडीकडे सरकत आला होता. खाट तेवढी अजून उजेडात होती.

"किती राहिले?" बाबांनी विचारलं.

"तीन. आज रात्री छपराखाली, बाबा."

ते काहीतरी म्हणाले. ड्रिलच्या आवाजात तिला कळलं नाही. तिने मागाहून पुष्कळ आठवून पाहिलं.

नववा पत्रा वर आला. तिने तो पाइपांवर टेकवला, कड आठव्यावर चढवली, सरकवायला लागली. सरकव, असा आवाज आला नाही, पण तो दर वेळी यायचाच असं नव्हतं. तिने थोडा सरकवला. थांबली. अजून थोडा. ‘बस’ ऐकू येईल म्हणून ती कान देऊन सरकवत राहिली. पत्रा दोन पन्हळी चढायचा तो तीन चढला, मग चार.

"बाबा, बस का?"

तिने पत्र्यावरून पुढे वाकून मोकळ्या जागेतून खाली पाहिलं. बाबांनी चादर सारलेली होती. डोळे उघडे होते आणि ते वर बघत होते, तिच्याकडे किंवा तिच्या मागे जे मोकळं होतं त्याच्याकडे. हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबत होता. छातीवरची नळी हलत नव्हती.

पत्र्याचं दुसरं टोक आईच्या हातात होतं. वळचणीखाली, बाहेर उभी, दोन्ही हात डोक्यावर. तिला आतलं काही दिसत नव्हतं. "बसला का गं?" तिने विचारलं. जगात त्या क्षणी ते फक्त खारीलाच ठाऊक होतं, आणि आईचे हात भरून आले होते.

"आई," ती म्हणाली, "पत्रा खाली ठेव. हळू ठेव."

माणसं आली. माणसं गेली. गवंडीकाकांनी उघड्या जागेवर ताडपत्री ताणून बांधली आणि मग अंगणात बसून राहिले, कोणाशी भांडावं हे न कळल्यासारखे. बाबांचा तो शिकाऊ मिस्त्री आला. त्याने बाहेरून छपराकडे पाहिलं, सुरुवात कुठून केलीय ते पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, तीनच पत्र्यांचं काम आहे, मी तासाभरात करून देतो. आई म्हणाली, नको.

एका संध्याकाळी दोघीच असताना आई म्हणाली, "मी नको म्हटलं होतं."

"हो," खार म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं, उठली, आणि तिच्या हातांना लावायचं मलम शोधत बराच वेळ ट्रंकेत हात घालून बसली. त्यांना छपराखाली झोपायचं होतं. ते पाच दिवस चुकीच्या छपराखाली झोपले आणि नंतर चार दिवस कशाखालीच नाही. यातलं काय द्यायला हवं होतं, याचा हिशेब खारीला कधीही मांडता आला असता, पण ती मांडायची नाही. मांडला की उत्तर रोज वेगळं यायचं.

बाबा गेल्यावर आठव्या दिवशी त्या दोघी परत कामाला लागल्या. नववा बसला. दहावा बसला. प्रत्येक वेळी किती सरकवायचं हे खार स्वतः उतरून, आत जाऊन, खाटेच्या जागी उभं राहून बघायची आणि परत चढायची. त्यामुळे वेळ फार लागला.

अकराव्याला आईने पत्रा धरला नाही. तिने गवंडीकाकांच्या हातात टोक दिलं आणि ती घरात गेली. खाट काढून ठेवली होती. फरशीवर तिच्या चार पायांच्या खुणा राहिल्या होत्या. त्या चौकोनात ती उभी राहिली आणि वर बघायला लागली. उरलेल्या पट्ट्यातून उजेड बरोबर तिच्या तोंडावर पडला होता. खारीला वरून तिचा चष्मा दिसला, कपाळावर चिकटलेला दोऱ्याचा एक तुकडा दिसला.

"आई, सरक ना तिथून. पत्र्याचा कीस पडेल अंगावर."

आई सरकली नाही.

"लावू?"

गवंडीकाकांनी बाहेरून विचारलं की काय झालं. खार पत्र्यावर हात टेकून तशीच वाकून राहिली.

"लाव," आई म्हणाली.

तिने पत्रा सरकवला. आधी आईचे पाय दिसेनासे झाले, मग हात, मग चष्मा.